खिडकीचा कोपरा: रेल्वेच्या ॲक्सलपासून कॉमेट विमानापर्यंत



विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की विमानाच्या खिडक्यांवर बोलायला इगतपुरीच का? इथं विमानतळ नाही. या गावाची ओळख रेल्वेची, घाटाची आणि पावसाची. पण आम्हाला वाटतं, की ही गोष्ट समजून घ्यायला रेल्वेचं गावच बरं. विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल का झाले, याचं उत्तर विमानापासून सुरू होत नाही. ते सुरू होतं रेल्वेच्या चाकांना जोडणाऱ्या आसापासून, म्हणजे आपण ज्याला ॲक्सल म्हणतो त्याच्यापासून.

एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पूर्वी विमानांना चौकोनी खिडक्या होत्या, त्यामुळे विमानं हवेत फुटली, मग खिडक्या गोल केल्या आणि प्रश्न मिटला. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट आहे. तिच्यातला सुटलेला भाग जास्त महत्त्वाचा आहे, असं आमचं म्हणणं आहे. खिडकीचा आकार हा एक भाग झाला. त्या कोपऱ्यावर ताण किती वेळा येतो, याचा हिशोब ठेवणं हा दुसरा भाग. आणि तो हिशोब रेल्वेनं विमानाच्या शंभर वर्षं आधी शिकून ठेवला होता.

घाट, चाक आणि ॲक्सल

आपला थळ घाट, ज्याला बरेच जण कसारा घाट म्हणतात, तो रेल्वेसाठी १८६५ साली खुला झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की गाडी एक फूट वर चढते. रेल्वेच्या मानानं हा फार खडा चढ आहे. म्हणून तर कसाऱ्याला गाडीच्या मागं बँकर इंजिनं लागतात. हे इथं कुणाला सांगायला नको.

आता एका ॲक्सलचा विचार करा. डब्याचं वजन ॲक्सलला खाली वाकवतं. हे वाकणं डोळ्याला दिसत नाही, पण असतं. वाकलेल्या दांड्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. चाक अर्धा फेरा फिरलं, की ताणलेली बाजू दाबली जाते आणि दाबलेली बाजू ताणली जाते. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ॲक्सलचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. चाक मीटरभर व्यासाचं धरलं, तर मुंबईहून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे १३७ किलोमीटरमध्ये हे जवळजवळ ४४ हजार वेळा होतं. एका प्रवासात, बरं का.

तार तोडायची असेल आणि पक्कड नसेल, तर आपण काय करतो? तार एकाच जागी इकडं-तिकडं वाकवतो. पहिल्यांदा वाकवून ती तुटत नाही. दहाव्या-पंधराव्या वेळेला तुटते. शेवटच्या वेळी आपण काही जास्त जोर लावलेला नसतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. तारेत हे डोळ्यांसमोर होतं, कारण आपण ती खूप वाकवतो. ॲक्सलमध्ये ताण कमी असतो, म्हणून दहा फेऱ्यांच्या जागी लाखो फेरे लागतात. आत काय होतं? आधी केसाहून बारीक चीर पडते. दर फेऱ्याला ती किंचित पुढं सरकते. शिल्लक राहिलेला धातू भार पेलायला अपुरा पडला, की दांडा एकदम मोडतो. मोडतो तो नेहमीच्याच भाराखाली.

८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी अनेकांचा समज होता, की लोखंड वापरून वापरून आतून बदलतं, ठिसूळ होतं. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्यानं मोडलेले ॲक्सल नीट पाहिले. त्याच्या लक्षात आलं, की ते कुठंही मोडत नाहीत. दांड्याची जाडी जिथं अचानक बदलते, जिथं आतल्या बाजूला काटकोनी कोपरा राहतो, तिथंच चीर सुरू होते. १८४३ मध्ये त्यानं सुचवलं, की हा कोपरा तीक्ष्ण ठेवू नका, त्याला गोलाई द्या.

पुढं जर्मनीत प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं ॲक्सल फिरवून, वाकवून मोडून पाहिले. किती ताणाला किती फेऱ्यांनंतर ॲक्सल मोडतो, याचे निष्कर्ष त्यांनी १८७० पर्यंत मांडले. म्हणजे आपला घाट सुरू झाला त्याच सुमाराला दोन गोष्टी कागदावर आलेल्या होत्या. तीक्ष्ण कोपरा वाईट. आणि नुसतं 'किती भार' विचारून भागत नाही, 'किती वेळा' हेही विचारावं लागतं.

कोपऱ्यातच का?

कोपऱ्यात असं काय असतं? स्टेशनच्या पादचारी पुलावर संध्याकाळची गर्दी आठवा. सरळ पुलावर माणसं बऱ्यापैकी चालत असतात. जिथं जिना काटकोनात वळतो, तिथं आतल्या कोपऱ्याला सगळे चेपले जातात. वळण मोठं आणि गोल असतं, तर गर्दी तेवढीच असूनही चेंगराचेंगरी कमी झाली असती. धातूच्या पत्र्यातून जाणाऱ्या ताणाचं असंच समजा. पत्रा सलग असेल तर ताण सगळीकडं सारखा वाटला जातो. मध्ये भोक पाडलं, की भोकाच्या वाटेनं जाणारा ताण बाजूनं वळून जातो आणि भोकाच्या कडेला गर्दी होते.

ही गर्दी किती, ते मोजता येतं. ताणलेल्या मोठ्या पत्र्यात अगदी गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. जर्मन अभियंता किर्श यांनी हे १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे गोल भोकसुद्धा फुकट नाही. १९१३ मध्ये इंग्लिस या इंग्रज अभियंत्यानं लंबगोल भोकाचा हिशोब मांडला. ताणाला आडवं असलेलं भोक जेवढं लांबट आणि टोकाला जेवढं अणकुचीदार, तेवढा टोकाशी ताण जास्त. चीर म्हणजे काय, तर अतिशय अणकुचीदार टोकाचं भोकच. म्हणून एकदा चीर पडली, की ती स्वतःच स्वतःला पुढं ढकलते.

हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. शाम्पूच्या पुडीला कडेला एक लहानशी खाच असते. खाच सापडली तर पुडी दोन बोटांनी फाटते, नाही सापडली तर दातांनीही फाटत नाही. तीच पुडी, तोच जोर. इगतपुरीच्या पावसात घराच्या भिंतीला तडा गेला असेल, तर पाहा तो बहुतेक वेळा कुठून निघालेला असतो. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, तिरका. आणि रेल्वेत काम करणारी मंडळी सांगतील, की रूळ जोडताना फिशप्लेटच्या बोल्टसाठी जी भोकं पाडतात, त्या भोकांच्या कडेपासून रुळाला चिरा पडतात. म्हणून त्या भोकांची धार मारून कड गुळगुळीत केली जाते.

एवढी तयारी झाली. आता विमानाकडं जाऊ.

उंचावरचा फुगा

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या डी हॅविलँड कंपनीनं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान बनवलं. २ मे १९५२ ला त्यानं लंडन ते जोहान्सबर्ग अशी पहिली नियमित सेवा सुरू केली. जेट इंजिन उंचावरच्या विरळ हवेत कमी इंधनात चालतं, म्हणून कॉमेट ४० हजार फुटांपर्यंत उडायचं. तिथं माणूस श्वास घेऊ शकत नाही. त्यामुळे विमानाच्या आत हवा दाबून भरावी लागते. आतला दाब ८ हजार फुटांवर असतो तेवढा, बाहेरचा ४० हजार फुटांवरचा. फरक दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड.

आकडा लहान वाटतो ना? एक फूट लांब आणि एक फूट रुंद खिडकी धरा. तिच्यावर आतून बाहेर पडणारा जोर होतो सुमारे ५४० किलो. बैलाला खिडकीवर उभं केल्यासारखं. आणि विमान हलकं ठेवायचं म्हणून त्याचा पत्रा होता एक मिलिमीटरहूनही पातळ.

विमान वर गेलं की हा फुगा फुगतो, खाली आलं की बसतो. दर उड्डाणाला एक फेरा. ॲक्सलला एका प्रवासात ४४ हजार फेरे, विमानाच्या पत्र्याला एक. म्हणून कदाचित थकव्याचा धोका दूरचा वाटला असेल. पण विमानाचा एक फेरा म्हणजे पत्र्याला दिलेला मोठा ताण होता, आणि खिडकीच्या कोपऱ्यात तो आणखी वाढत होता.

कॉमेट आपल्याकडंही आलं. १९५२ मध्येच कोलंबोपर्यंतची सेवा मुंबईमार्गे सुरू झाली. १५ जुलै १९५३ ला एका कॉमेटच्या वैमानिकानं सांताक्रूझ समजून ते जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरवलं आणि काही दिवसांनी ते तिथून उडवून न्यावं लागलं. मुंबईकरांना जेट विमान असं अगदी जवळून बघायला मिळालं.

त्याआधीच, २ मे १९५३ ला, म्हणजे पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, कलकत्त्याच्या डमडमहून दिल्लीकडं निघालेलं कॉमेट उड्डाणानंतर सहा मिनिटांत वादळात सापडून हवेतच तुटलं. ४३ जण गेले. भारत सरकारनं चौकशी केली. वादळी झोताचा, किंवा त्यात विमान सावरताना पडलेला, प्रमाणाबाहेरचा ताण विमानाच्या सांगाड्याला सहन झाला नाही, असा निष्कर्ष निघाला. हा अपघात खिडकीमुळे झाला असं म्हणता येत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. वादळ खरोखरच होतं.

पण १० जानेवारी १९५४ ला वादळ नव्हतं. सिंगापूरहून कलकत्ता, कराचीमार्गे आलेलं कॉमेट रोमहून लंडनला निघालं आणि इटलीच्या एल्बा बेटाजवळ तुकडे होऊन समुद्रात पडलं. ३५ जण गेले. ज्या विमानानं १९५२ ची पहिली सेवा केली होती, तेच हे विमान. उड्डाणं थांबवली. कारण सापडेना. शक्य वाटलेल्या अनेक दोषांवर साठेक बदल केले, आणि २३ मार्चला उड्डाणं पुन्हा सुरू केली. त्या बदलांमध्ये खिडक्यांचा पत्रा नव्हता. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेलं दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेलं. २१ जण गेले.

इथं क्षणभर थांबू. कारण माहीत नसताना गाडी पुन्हा सुरू करायची की नाही, हा प्रश्न रेल्वेवाल्यांना नवा नाही. तो विमानापुरताही नाही. त्या १६ दिवसांत जे घडलं त्याची किंमत २१ माणसांनी दिली.

पाण्याच्या टाकीतलं विमान

चौकशीचं काम इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या सरकारी विमान संशोधन संस्थेकडं गेलं. प्रमुख होते आर्नल्ड हॉल. एकीकडं समुद्रातून तुकडे वर काढून ते जुळवायला घेतले. दुसरीकडं त्यांनी एक अख्खं कॉमेट विमान घेतलं, त्याच्या धडाभोवती टाकी बांधली आणि ती पाण्यानं भरली. पंख टाकीबाहेर. विमानाच्या आतही पाणीच.

पाणी का? कारण हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा सुटली की स्फोट होतो. मग पत्रा कुठं आधी फाटला ते कळत नाही, सगळंच फाटतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. चीर पडली की दाब लगेच उतरतो आणि चीर आहे तिथंच थांबते. तपासनीसाला नेमकं तेच हवं असतं.

मग आत पाणी दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पंख यंत्रानं वाकवायचे. काही तासांचं उड्डाण काही मिनिटांत. या विमानाची आधीच १,२२१ उड्डाणं झाली होती. टाकीत १,८३६ फेरे झाले, आणि १९५४ च्या जूनमध्ये धडाचा पत्रा फाटला. एकूण ३,०५७. चीर निघाली होती एका खिडकीच्या कोपऱ्यापासून. एल्बाजवळच्या विमानाची १,२९० उड्डाणं झाली होती, नेपल्सच्या विमानाची ९००. विमानं मात्र यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालतील असं धरलं होतं.

मग समुद्रातून वर आलेल्या एल्बाच्या विमानाच्या छताचा तुकडा तपासला. चिरेचं मूळ तिथं सापडलं. आता इथं त्या लोकप्रिय गोष्टीत एक दुरुस्ती करावी लागते. ही खिडकी प्रवाशांची नव्हती. विमानाच्या छतावर दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या अँटेनासाठी दोन चौकोनी झरोके होते. त्यातल्या एकाच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या भोकापासून, थकव्याची चीर सुरू झाली होती. कोपरा, आणि कोपऱ्याजवळ आणखी एक भोक. गर्दीत गर्दी. रुळाच्या बोल्टच्या भोकाची तीच कथा.

दुसरी दुरुस्ती. कॉमेटच्या खिडक्या काही पूर्ण काटकोनी नव्हत्या. त्यांचे कोपरे थोडे गोल केलेलेच होते. पण गोलाई लहान होती आणि भोवतीचा पत्रा पातळ. कोपऱ्याजवळचा ताण अभियंत्यांनी धरला होता त्यापेक्षा बराच जास्त निघाला.

चाचणी झाली होती, तरी

मग प्रश्न पडतो, की त्यांनी चाचणी केली नव्हती का? केली होती. आणि इथंच या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

कंपनीनं विमानाच्या धडाचा एक भाग घेऊन त्यावर दाबाची चाचणी केली होती. आधी मजबुती बघायला त्याला नेहमीच्या दुप्पट दाब दिला. तो टिकला. नंतर त्याच तुकड्यावर नेहमीच्या दाबाचे हजारो फेरे दिले. अठरा हजारांच्या आसपास फेरे तो टिकला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण प्रत्यक्षात उडणारी विमानं हजार-बाराशे फेऱ्यांत फुटली. असं कसं?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना पाहिली असेल. धाव तापवतात, ती फुगते, चाकावर चढवतात, पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि चाकाला सगळीकडून आवळते. आता चाकाचे सांधे उघडायचे, तर आधी ही आवळण सुटायला हवी. चाचणीच्या तुकड्याचं असंच झालं. दुप्पट दाबानं खिडकीच्या कोपऱ्यातला धातू थोडासा कायमचा ताणला गेला. दाब सोडल्यावर भोवतालच्या पत्र्यानं त्याला उलट आवळून धरलं. त्यानंतर नेहमीच्या दाबाचा फेरा आला, की आधी ती आवळण सुटायची, मग उरलेला ताण लागायचा. कोपऱ्याला कमी सोसावं लागत होतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विमानांना मात्र हा दुप्पट दाब कुणी दिलेला नव्हता.

म्हणजे तपासला तो तुकडा आणि उडाली ती विमानं, दोन्ही दिसायला सारखी, पण एक नव्हती. कुणी खोटं बोललं नाही, चाचणी लपवली नाही. मजबुतीची परीक्षा आणि थकव्याची परीक्षा एकाच तुकड्यावर घेतली, एवढंच. लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ च्या शेवटी जाहीर चौकशी झाली. तिच्या अहवालात एल्बाचा अपघात धडाच्या पत्र्याच्या थकव्यानं झाला असा निष्कर्ष आला, आणि नेपल्सचंही कारण बहुधा तेच असावं असं म्हटलं गेलं.

मग काय बदललं?

खिडक्या बदलल्या, हे खरंच. आज विमानात बसलात तर खिडकीचे कोपरे भरपूर गोल असतात आणि खिडकी आडवी नसते, उभी असते. त्यालाही कारण आहे. पाण्याचा पाइप दाबानं फुटतो, तेव्हा चीर बहुतेक वेळा पाइपच्या लांबीच्या दिशेनं पडते. नळीसारख्या आकारात दाब भरला, की घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. विमानाचं धड ही नळीच. घेराची दिशा म्हणजे खिडकीजवळ वर-खाली. भोकाची लांब बाजू मोठ्या ताणाच्या दिशेनं ठेवली, की कडेला गर्दी कमी होते. म्हणून उभी लंबगोल खिडकी.

भोवतीची चौकट जाड झाली. पत्र्याला आतून आडव्या-उभ्या पट्ट्या आल्या, की चीर पडलीच तर पट्टीशी अडावी. तावदानं एकावर एक आली. दाब मुख्यतः बाहेरच्या तावदानावर असतो, ते गेलं तर मधलं पेलतं. मधल्या तावदानाला खाली एक बारीक भोक दिसतं. त्यातून दोन तावदानांमधला दाब सारखा होतो आणि बाष्पही कमी धरतं. आणि पुऱ्या विमानाची थकव्याची चाचणी वेगळ्या, स्वतंत्र सांगाड्यावर घ्यायची रीत पक्की झाली. एअर इंडियानं १९६० मध्ये बोइंग ७०७ आणली, ती या सगळ्या शिकवणीनंतर बनलेली विमानं होती.

पण खिडकी गोल झाली म्हणून विमान सुरक्षित झालं, असं समजू नका. २८ जुलै १९६३ च्या पावसाळी रात्री युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट मुंबईत उतरायला येताना मढजवळ समुद्रात कोसळलं. ६३ जण गेले. त्यात ग्रीसमधल्या जागतिक मेळाव्याला निघालेले फिलिपिन्सचे बालवीर होते. हे सुधारलेलं, गोल खिडक्यांचं कॉमेट होतं. खराब हवेत वळताना त्याच्यावरचा ताबा सुटला होता. खिडकीनं त्याला वाचवायचा प्रश्नच नव्हता.

२८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छत हवेत उडून गेलं. एक हवाई परिचारिका गेली. विमान कसंबसं उतरलं. खिडक्या गोलच होत्या. पण ते विमान बेटांमधल्या छोट्या-छोट्या फेऱ्या करायचं आणि त्याचे जवळजवळ ९० हजार फेरे झाले होते. चिरा पडल्या होत्या पत्र्याच्या जोडाजवळच्या रिव्हेटच्या भोकांपाशी. विमान किती तास उडालं याहून किती वेळा चढलं-उतरलं, हा आकडा इथं निर्णायक होता.

आणि १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनातलं एक पातं तुटलं. इंजिनाच्या आवरणाचा तुकडा खिडकीवर आदळला, खिडकी गेली आणि तिच्याशेजारची प्रवासी दगावली. खिडकीचा आकार अगदी बरोबर होता. पातं तुटलं ते थकव्यानं.

इथं याचा काय संबंध?

हे सगळं ऐकून वाटेल, की ही परदेशातली, मोठ्या कंपन्यांची गोष्ट. पण आपल्याच नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथं मिग लढाऊ विमानं बनली, आता सुखोईची कामं होतात. विमान दुरुस्तीला खोलतात तेव्हा कामाचा मोठा भाग असतो चिरा शोधणं. भोकांच्या कडा, कोपरे, जोड. ज्या मुलामुलींनी आयटीआय करून अशा ठिकाणी जायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हे व्याख्यान नोकरीच्या पहिल्या दिवसाचं आहे असं समजायला हरकत नाही. ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड खडबडीत राहिली, तर ती नुसती दिसायला वाईट नसते. चीर तिथूनच निघू शकते.

आणि रेल्वे तर घराशेजारीच आहे. ॲक्सल आणि रूळ आज अल्ट्रासॉनिक यंत्रानं तपासतात, म्हणजे आवाजाच्या लहरी आत पाठवून चीर शोधतात. पूर्वी माणूस गाडीच्या बाजूनं चालत चाकावर हातोडी मारायचा आणि आवाज ऐकायचा. चीर असलेलं चाक खणखणत नाही, बद्द वाजतं. मातीचं मडकं घेताना आपण टिचकी मारतो, तसंच. आणि यंत्र असलं तरी थंडीच्या पहाटे, रूळ आकसून ताणलेले असतात तेव्हा, पायी चालत रूळ बघणारा कीमन आजही लागतो.

या सगळ्या कामांमध्ये एक अडचण आहे, ती तुमच्यापुढं मांडतो. चीर सापडली तर गाडी थांबते, उशीर होतो, वरून विचारणा होते. चीर नाही सापडली तर त्या दिवशी काहीच होत नाही. थकव्याचा स्वभावच असा आहे, की काल चाललं, परवा चाललं, म्हणून आजही चालेल असं वाटतं. पण इथं कालचं चालणं हा पुरावा नाही, तो खर्च आहे. प्रत्येक फेऱ्याला थोडं आयुष्य वापरलं गेलेलं असतं. एल्बाजवळ पडलेलं विमान त्याआधी १,२८९ वेळा व्यवस्थित उतरलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा खिडकीचा गोल कोपरा जरूर बघा. ती गोलाई रँकिननं ॲक्सलसाठी सुचवली होती, कॉमेटनं ती फार महाग पडून विमानांना शिकवली. पण तुम्हाला सुखरूप उतरवतं ते एवढ्यावर नाही. या विमानाचे किती फेरे झाले हे कुणीतरी वहीत खरं लिहिलेलं असतं, आणि ठरलेला आकडा आला की उड्डाण रद्द झालं तरी चालेल म्हणून पत्रा उघडून पाहिलेला असतो. ते काम करणारी माणसं प्रवाशाला कधी दिसत नाहीत. त्यांच्यापैकी काही आज या सभागृहात असतील, कुणी रेल्वेत, कुणी ओझरला. त्यांनी गाडी थांबवली आणि आपल्याला उशीर झाला, तर चिडण्याआधी आपण हे आठवू या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.